विश्लेषण : आयपीएल संघमालकांना चषक हवा की नफा?

रॉयल चॅलेंजर्स बंगळूरुने १८व्या हंगामात, ३ जून २०२५ रोजी, आयपीएलचा पहिला चषक जिंकला. त्यानंतर पाचच महिन्यांनी संघाची मालक असलेल्या युनायटेड स्पिरिट्स या मद्य कंपनीने या गुंतवणुकीचा फेरआढावा घेत असल्याचे शेअर बाजाराला कळवले. संघ मौल्यवान आहे, पण तो आपला मुख्य व्यवसाय नाही, अशी कंपनीची भूमिका होती. चाहते ज्या यशाची इतकी वर्षे वाट पाहत होते, ते मिळताच मालकाच्या मनात संघ विकण्याचा विचार यावा, हे कसे? मालकांना नेमके काय हवे असते?

संघांना पैसा कुठून मिळतो?

आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी ४८,३९० कोटी रुपये मोजले गेले. म्हणजे वर्षाला सुमारे ९,६७८ कोटी. त्यातील साधारण निम्मी रक्कम बीसीसीआय संघांना देते आणि तिचे वाटप बहुतांशी समान असते. ठोकळ हिशेब केला तर दहापैकी प्रत्येक संघाच्या वाट्याला ४८० कोटींच्या आसपास येतात. तिकीटविक्री आणि जर्सीवरील जाहिराती यांचे उत्पन्न वेगळे.

खर्चाची मोठी बाब म्हणजे खेळाडू. पण त्यावर मर्यादा आहे. २०२५च्या हंगामासाठी ती १२० कोटी होती. त्यामुळे जुन्या संघांच्या बाबतीत पहिला चेंडू पडण्याआधीच जमेची बाजू भक्कम असते. त्या तुलनेत विजेत्याचे बक्षीस किरकोळ, म्हणजे २० कोटी. लखनऊने एकट्या ऋषभ पंतसाठी २७ कोटी मोजले होते.

हरल्याचा फटका बसतो का?

फारसा नाही. पाच वेळा विजेता ठरलेला मुंबई इंडियन्स २०२२ आणि २०२४ मध्ये तळाला होता. तितकेच चषक जिंकलेला चेन्नई २०२५ मध्ये शेवटचा आला. पण आयपीएलमधून कोणी खाली ढकलले जात नाही.

इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमध्ये तळाचे तीन क्लब दरवर्षी खालच्या श्रेणीत जातात. २०१५-१६ मध्ये विजेता ठरलेल्या लेस्टर सिटीवर २०२३ मध्ये ही वेळ आली. श्रेणी घसरली की प्रक्षेपणाचे उत्पन्नही आटते. तिथे जिंकणे आणि कमावणे एकमेकांना बांधलेले आहे. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील १२ बड्या क्लबांच्या मालकांनी स्वतंत्र ‘सुपर लीग’ जाहीर केली, तेव्हा त्यांना ही टांगती तलवारच नको होती. संस्थापक क्लबांचे स्थान त्यात कायमचे राहणार होते. चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. युरोपातील मालकांना जी हमी मिळाली नाही, ती आयपीएलमध्ये पहिल्या दिवसापासून आहे.

मग जिंकण्यासाठी धडपड कशाला?

पहिले कारण संघाची किंमत. वार्षिक नफ्यापेक्षा मोठी कमाई संघ विकताना होते. गुजरात टायटन्सने २०२२ मध्ये पदार्पणातच चषक जिंकला. सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने २०२५ मध्ये त्यातील ६७ टक्के हिस्सा टोरंट समूहाला विकला. बाजारभावात संपूर्ण लीगच्या वाढीचा वाटा मोठा असला, तरी विजेता संघ विकणे सोपे जाते.

दुसरे कारण प्रतिष्ठा. मात्र पैशाने विजय विकत घेता येत नाही, कारण लिलावात सर्वांचा खिसा सारखाच. २००८च्या पहिल्या हंगामात सर्वात स्वस्तात, ६७ दशलक्ष डॉलरना, विकला गेलेला राजस्थान संघच विजेता ठरला होता. त्यामुळे मालकाला खरोखर जिंकायचे आहे का, हे लिलावाबाहेरच्या खर्चातून दिसते. नवे खेळाडू हेरणारी माणसे, प्रशिक्षक, सरावाच्या सोयी यांवर तो किती पैसे टाकतो, हे पाहावे लागते. मुंबई इंडियन्सने जसप्रीत बुमराला तो फारसा कुणाला ठाऊक नसताना हेरले आणि हार्दिक पंड्याला अवघ्या १० लाखांत घेतले. पाच चषकांमागे हे काम आहे.

पुण्याचा अनुभव काय सांगतो?

सहारा समूहाने २०१० मध्ये पुण्याचा संघ सुमारे १,७०२ कोटींना घेतला. सामने अपेक्षेपेक्षा कमी झाले म्हणून शुल्क कमी करा, या मागणीवरून बीसीसीआयशी वाद झाला आणि २०१३ मध्ये संघ बाद झाला. गणित जुळले नाही की मैदानावरील खेळाला अर्थ उरत नाही, हे तेव्हा दिसले.

दुसरा अनुभव उलटा होता. चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी आली, तेव्हा संजीव गोएंका यांच्या समूहाने पुण्याच्या संघासाठी उणे १६ कोटींची बोली लावली. म्हणजे प्रक्षेपणाचा वाटा घ्यायचा नाहीच, वर बीसीसीआयलाच पैसे द्यायचे! पहिल्या हंगामातील खराब कामगिरीनंतर धोनीला कर्णधारपदावरून हटवण्यात आले. २०१७ मध्ये संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला. त्यानंतर मुदत संपली आणि संघही. याच गोएंकांनी २०२१ मध्ये लखनऊसाठी ७,०९० कोटी मोजले. दहा वर्षांत विभागले तरी वर्षाला ७०९ कोटी, म्हणजे प्रक्षेपणाच्या वाट्याहून जास्त. असा मालक लगेचच्या नफ्यासाठी आलेला नसतो. त्याची नजर उद्याच्या किमतीवर आणि आजच्या नावावर असते.

चाहत्यांच्या हाती काय?

नफा की विजय, याचे उत्तर मालकाच्या स्वभावापेक्षा लीगच्या नियमांत अधिक दडले आहे. आयपीएलने जुन्या मालकांना नफ्याची जवळपास हमी दिली आणि जिंकण्याची हौस त्यांच्यावर सोडली. बहुतेकांना ती आहेही. पण ती नसलेला मालकही या व्यवस्थेत निर्धास्त राहू शकतो. संघ हरत राहिला म्हणून लीगमधील जागा गमावण्याची भीती त्याला नाही. उलट गहुंजेच्या मैदानावर संघाला साथ देणाऱ्या पुणेकरांना, चषक एका धावेवर आलेला असूनही, पुढच्या वर्षी संघच उरला नाही.