जयंतीची वर्गणी आणि लेकराची थेरपी

दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या स्टँडवर सकाळच्या एसटीत अशी एखादी माय हमखास दिसते. कडेवर पाच-सहा वर्षांचे लेकरू; मान नीट धरत नाही, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले. ती फिजिओथेरपीसाठी अमरावतीला किंवा अकोल्याला निघालेली असते. त्या दिवसाची तिची मजुरी बुडते. कापूस वेचणीच्या दिवसांत आठवड्याला दोन मजुऱ्या बुडवणे घराला परवडत नाही. मग आठवड्याची दोनदाची थेरपी एकदा होते, पुढे महिन्यातून एकदा, आणि एक दिवस बंदच पडते. लोक म्हणतात, आईने हयगय केली. आम्हाला हे मान्य नाही.

सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा वाढत नाही. पण हालचाल मिळाली नाही तर स्नायू आखडतात, सांधे ताठ होतात, आणि जे लेकरू आधाराने उभे राहिले असते ते अंथरुणाला खिळते. बोलणे उशिरा येणाऱ्या किंवा स्वमग्न मुलांच्या वाचा उपचाराचेही तसेच. पहिली सहा वर्षे सर्वांत मोलाची, आणि त्यातही सातत्य महत्त्वाचे. म्हणून अशा मुलांसाठी दिवसभराचे पाळणाघर हवे, आणि थेरपिस्टने तिथे यावे. घास कसा भरवायचा, कसे बसवायचे, हे तिथल्या ताईला शिकवले की रोजचा दिवसच उपचार होतो. आईला कामावर जाता येते.

आपल्या समाजात दानत कमी नाही. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तीनचाकी सायकली, कुबड्या वाटल्या जातात. फोटोही छापून येतात. त्या वस्तू लागतात, हे खरे. पण दोन वर्षांत मूल वाढते आणि सायकल अपुरी पडते. थेरपिस्टचे मानधन, ताईचा पगार, येण्याजाण्याचे भाडे यांचा फोटो निघत नाही, म्हणून त्यासाठी देणगीही मिळत नाही. नेमका तिथेच पैसा हवा आहे.

कुणी विचारेल, हे सरकारचे काम नाही का? आहेच. संविधानाच्या अनुच्छेद 41 मध्ये आजारपण आणि विकलांगता यांत साहाय्य मिळावे, असे राज्याला सांगितले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य झाले. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची तपासणी आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी 'निरामय' विमा एक लाख रुपयांपर्यंतचा आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा आहे. आपल्या ग्रामसभेत हा हिशेब शेवटचा कुणी विचारला होता?

म्हणून आमचे म्हणणे असे: हक्क आधी मागायचा, आणि हक्क हाती येईपर्यंतची पोकळी दानाने भरायची. दानामुळे सरकारची सुटका होता कामा नये. आणि सरकार देईल म्हणून लेकराचे वयही थांबत नाही.

अमरावती जिल्ह्यातच वझ्झर आहे. तिथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपले आडनाव दिले, वाढवले. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण एका माणसाच्या आयुष्यावर सगळा जिल्हा किती दिवस विसंबणार? वझ्झरची मुले अनाथ होती. आपल्या वस्तीतल्या लेकरांना आईबाप आहेत. त्यांना फक्त दिवसभराचा आधार हवा.

विहार आपल्याकडे आहे. रविवारची वंदना सोडली तर बहुतेक विहार दिवसभर कुलूपबंद असतात. शंभर घरांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर दहा हजार होतात. तेवढ्यात सगळे भागणार नाही, पण थेरपिस्टच्या फेऱ्या सुरू होऊ शकतात. हिशेब दर महिन्याला विहाराच्या फळ्यावर लावावा आणि समितीत निम्म्याहून जास्त त्या मुलांच्या आया असाव्यात. पहिल्याच महिन्यात प्रत्येक मुलाचे यूडीआयडी कार्ड आणि निरामयचा अर्ज भरून घ्यावा. थेरपिस्ट शिकलेला, नोंदणी असलेलाच हवा; मालिश करणारा नव्हे.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही असे मूल जन्मले की 'मागच्या जन्माचे भोग' हे शब्द कानावर येतात. आईला बोल लावला जातो, मूल पाहुण्यांपासून लपवले जाते, भगताकडे नेले जाते. त्यात जी वर्षे जातात ती परत येत नाहीत.

आजारी, मळमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः धुतले, अंथरुणावर निजवले आणि मग संघाला विचारले, तुम्ही याची सेवा का केली नाही? हाच प्रश्न आज आपल्या प्रत्येक विहाराला आहे. येत्या जयंतीची वर्गणी गोळा करताना डीजेच्या रकमेशेजारी थेरपीचीही एक ओळ लिहा.

जय भीम.