इंजिन बदलण्याआधी

अब्बांची जुनी ब्रिटिश एमजी मोटार बंद पडून आहे. भाचा तिच्यात नवे इंजिन बसवायला निघाला, तेव्हा आम्ही त्याला नगरच्या रणगाडा संग्रहालयात नेले. तिथल्या ब्रिटिश सेंच्युरियन रणगाड्याचे मेटिओर इंजिन मुळात विमानाच्या मर्लिन इंजिनावरून घडवलेले. उंचीवर लागणारा सुपरचार्जर जमिनीवर नको, म्हणून तो काढूनच ते रणगाड्यासाठी वापरले.

आम्ही म्हटले, "बेटा, नुसती ताकद पाहू नकोस. वजन, जागा, गिअरबॉक्स, रेडिएटर, ब्रेक आधी तपास. आरसीवर इंजिन क्रमांक असतो, म्हणून आरटीओची परवानगी आधी घे. आणि जुने इंजिन भंगारात देऊ नकोस. ती तुझ्या नानांची अमानत आहे."

परतल्यावर त्याने मोजपट्टी मागितली.