सोयरीक यंत्राच्या अवयवांची

मुलाला खेळासाठी संगणक घेऊन द्यावा की देऊ नये, ह्या प्रश्नावर एखादा मुख्याध्यापक काय लिहील हे वाचकांनी शीर्षकावरूनच ताडले असेल. ते आम्ही लिहिणार नाही. घरात विचारविनिमय होऊन घ्यायचे एकदा ठरले, म्हणजे पुढचा प्रश्न उरतो तो पैशाचा. आणि त्या बाबतीत आमच्या भागातील पालकांना उपदेश पुष्कळ मिळतो, माहिती मात्र फार थोडी मिळते. आज त्या माहितीपुरतेच बोलावे असा आमचा विचार आहे.

२०२५ च्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. सांबऱ्यातील एक मुलगा, आमच्याच हाताखालून दहावी होऊन गेलेला, एका दुकानातून लिहून आणलेला कागद घेऊन आमच्याकडे आला. सोबत वडील होते. उद्यमबागेतील एका कारखान्यात ते लेथवर काम करतात. बोनसचे आणि भिशीचे मिळून ५५ हजार रुपये त्यांनी ह्या कामासाठी बाजूला काढले होते. मॉनिटर मामाकडून मिळायचा होता. कागदावर लिहिले होते : ‘आय फाईव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड ४ जीबी, १ टीबी डिस्क, गेमिंग कॅबिनेट, एसएमपीएससह.’ कॅबिनेटला काचेची बाजू होती आणि आत सात रंगांचे दिवे. मुलाचे मन त्या दिव्यांतच गुंतले होते, ह्यात नवल नाही.

आता हा कागद जरा बारकाईने वाचावयास हवा. ‘आय फाईव्ह’ हे घराण्याचे नाव आहे, व्यक्तीचे नव्हे. इंटेल कंपनी २००९ पासून ह्या नावाने प्रोसेसर विकते आहे; तेव्हा ‘आय फाईव्ह’ एवढेच सांगणे म्हणजे ‘मुलगा पाटलांच्या घरातला आहे’ एवढेच सांगून सोयरीक पक्की करण्यासारखे झाले. आजोबा की नातू हे विचारायला नको काय? आम्ही दुकानदाराला फोनवरून पूर्ण क्रमांक विचारला, तेव्हा तो तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ सालचा निघाला. ग्राफिक्स कार्ड होते जीटी ७३०. तेही २०१४ सालचे. कार्डावर चार जीबी स्मृती असली म्हणून ते बलवान ठरत नाही. कोठार मोठे असले तरी गाडा ओढणारा बैल म्हातारा असेल, तर माल वेळेवर पोचत नाही. त्यातून विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारीत नाही. अर्थात त्या कागदावरचे यंत्र विकत घेण्याच्या दिवशीच मागे पडलेले होते. दुकानदार खोटे काहीच बोलला नव्हता. त्याने फक्त वर्ष सांगितले नव्हते.

संगणकाचे भाग निरनिराळ्या कंपन्यांचे असूनही एकमेकांत बसतात, ही गोष्ट आपण आता गृहीत धरतो. तिचे मूळ १९८१ साली आहे. त्या वर्षी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणताना त्याची रचना बरीचशी उघडी ठेवली. मग इतरांनी त्यात बसणारे भाग आणि तशीच यंत्रे बनविली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने ‘एटीएक्स’ नावाचे माप ठरवून दिले आणि कॅबिनेट, मदरबोर्ड व एसएमपीएस ह्यांची भोके व जोडण्या एका नियमाखाली आल्या. (मदरबोर्डाला ‘मातृफलक’ म्हणावे असे आम्हांला मराठीचे पदवीधर म्हणून वाटते खरे, परंतु बेळगावच्या बाजारात तो शब्द उच्चारला तर रिकाम्या हाताने परत यावे लागेल.)

तरीही सगळेच सगळ्यांत बसत नाही. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात, आणि ते जुळणे ही पहिली अट. एएमडी कंपनीच्या एएम ४ जातीच्या प्रोसेसरांना खाली १,३३१ सुया असतात. एएम ५ जातीत सुया नाहीत, तेथे मदरबोर्डावरच १,७१८ स्पर्शबिंदू असतात. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी ही संख्या १,७०० आहे. एकाचा प्रोसेसर दुसऱ्याच्या सॉकेटात बसविणे केवळ अशक्य. हे आम्ही सांगत असताना मुलाचे वडील पटकन म्हणाले, ‘‘म्हंजे गुरुजी, शाफ्ट अडीच इंची आन् बोअर दोन इंची, असंच की!’’ त्या क्षणापासून आमचे काम सोपे झाले. ज्याने आयुष्यभर मापात माप बसविले आहे, त्याला ही विद्या शिकवावी लागत नाही. तिची नावे तेवढी सांगावी लागतात.

रॅमचेही तसेच. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ ह्या दोन्ही पट्ट्यांना २८८ स्पर्शबिंदू असतात, पण मधली खाच थोडी सरकलेली असते. जोर लावून बसविण्याचा प्रयत्न करणाऱ्याचा मदरबोर्ड जायचा. शिवाय १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात. दोन्ही वाटांनी माहितीची ने-आण होते आणि खेळात फरक जाणवतो. बहुतेक चार खाचांच्या मदरबोर्डावर त्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवावयाच्या असतात.

हे सारे जुळले तरी प्रमाणाचा प्रश्न राहतोच, आणि आमच्या मते खरा पैसा वाचतो किंवा वाया जातो तो येथेच. प्रारंभ प्रोसेसरपासून न करता पडद्यापासून करावा. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. ज्याला फोर-के म्हणतात त्यावर बरोबर चौपट. प्रत्येक ठिपका सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्डाला करावे लागते. मामाकडचा मॉनिटर फुल एचडी आणि ६० हर्ट्‌झचा होता. त्याच्यासाठी फोर-केचे कार्ड घेणे म्हणजे शेणगोठ्याला संगमरवर. दुसरा प्रश्न, खेळायचे काय? व्हॅलोरंटसारखा स्पर्धेचा खेळ साध्या कार्डावरही सुरेख चालतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळींनी २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ हा खेळ (ज्यात एक मुलगी आपल्या भावाला सोडविण्यासाठी दैत्यांशी लढते) त्यालाही अजस्र यंत्र लागत नाही. मुलाने पाच खेळांची नावे लिहून दिली. त्यांतल्या सर्वांत जड खेळाला काय लागते ते पाहिले, आणि तेच आमचे माप ठरले. जाता जाता पालकांसाठी एक गोष्ट : पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. येथे जे खेळ म्हणतो आहोत ते त्यांहून वेगळे आहेत. दोहोंची गल्लत करून मुलावर उगाच रागावू नये.

ह्या मापानुसार ठरले ते असे : प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००, त्याला साजेसा एएम ४ मदरबोर्ड, डीडीआर ४ च्या दोन पट्ट्या, एनव्हीएमई जातीची डिस्क, आणि आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे कार्ड. एकंदर रकमेतला दोन पंचमांशाच्या जवळपास भाग कार्डावर गेला, आणि खेळाच्या यंत्रात तो तसाच जावा. एएम ५ घेतले असते तर पुढे नवा प्रोसेसर बसविण्याची सोय राहिली असती, कारण त्या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि पुढेही आधार देऊ असे कंपनीने जाहीर केले आहे. पण तेथे मदरबोर्ड महाग, रॅमही डीडीआर ५ च लागणार. तेवढा पैसा कार्डातून कापावा लागला असता. पुढच्या सोयीसाठी आजची भाकरी अर्धी करणे आम्हांला पटले नाही. हाताशी लाख रुपये असते तर आम्ही उलट सल्ला दिला असता. ह्या प्रोसेसरात स्वतःची चित्रशक्ती नाही, म्हणून मॉनिटरची वायर मदरबोर्डाला न लावता कार्डालाच लावावयाची, हेही मुलाला बजावून ठेवले. ‘यंत्र बिघडले’ म्हणून परत नेलेल्या संगणकांत ह्या वायरीचे बळी बरेच असतात.

आता एसएमपीएस. दिवे कॅबिनेटात, पण प्राण येथे. कॅबिनेटाबरोबर फुकट मिळणाऱ्या डब्यावर ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेले असते. त्याकडे पाहू नये. बाजूच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपियर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे. दुकानातल्या त्या डब्यावर १८ अँपियर होते. म्हणजे २१६ वॅट. उरलेले वॅट कागदावरचे. आपला प्रोसेसर भरात आला की सुमारे ७६ वॅट घेतो, कार्ड १३२, आणि बाकी मंडळी मिळून ५० धरा. बेरीज अडीचशेच्या पुढे गेली. ह्यासाठी ५५० वॅटचा प्रामाणिक डबा घ्यावा. थोडी सवड राहते, पंखा शांत राहतो. ‘८० प्लस’ ही खूण भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती कामी येते ते सांगते : यंत्राला २४० वॅट हवे असतील तर ८० टक्क्यांच्या हिशेबाने ३०० वॅट घेतले जातात आणि ६० वॅटची उष्णता होते. रोज चार तास खेळले तर महिन्याला ३६ युनिट. मुलाला आम्ही हा हिशेब त्याच्याच वहीत करायला लावला.

आमच्या खेड्यांत विजेचा दाब संध्याकाळी खाली येतो आणि पंप बंद झाले की एकदम वर जातो. म्हणून यूपीएस हवाच. परंतु शाळांतून नि दुकानांतून दिसतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. मॉनिटर धरून ऐन खेळाच्या वेळी तो जेमतेम तग धरील, आणि बॅटरी जुनी झाली की तेवढेही नाही. हजार-अकराशे व्हीएचा घ्यावा. ह्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा मुलाने स्वतःहून रंगीत दिव्यांचे कॅबिनेट सोडले आणि साधे, जाळीच्या तोंडाचे घेतले. हवा खेळती राहण्यास तेच बरे.

जोडलेला संगणक म्हणजे हलका माल, अशी समजूत अजून आढळते. अमेरिकेने शक्तिशाली महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला, तोही इनमॉस ह्या ब्रिटिश कंपनीचे बाजारात मिळणारे ट्रान्सप्यूटर कौशल्याने एकत्र जोडून. जोडण्यात कमीपणा नाही. न जुळणारे जोडण्यात आहे.

जुन्या मालाविषयी थोडे. इथेरियम नावाच्या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरील उत्खनन सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. कार्ड समोर अर्धा तास चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. मोठ्या कंपन्यांचे लिलावातले कार्यालयीन संगणकही स्वस्त दिसतात, पण त्यांचे एसएमपीएस आणि जोडण्या पुष्कळदा त्यांच्या स्वतःच्याच मापाच्या असतात आणि पेटीत मोठे कार्ड मावत नाही. रॅमबद्दल मात्र थांबून भाव उतरण्याची वाट पाहा असे सांगण्याची सोय राहिलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांकडे स्मृतीचा माल वळू लागला आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले. आमच्या मुलाचे दिवाळीपूर्वीच उरकले, एवढे त्याचे दैव.

खरेदी बेळगावातच करावी की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वा बेंगळूरच्या एस. पी. रोडवरून मागवावे, हे फरक किती पडतो त्यावर ठरवावे. पाचशे रुपयांसाठी दूर जाण्यात अर्थ नाही. हमी वापरण्याची वेळ आली की तोच माल कुरिअरने परत पाठवावा लागतो. कोठूनही घ्या, अठरा टक्के जीएसटीचे पक्के बिल घ्या, आणि त्यावर प्रोसेसर, कार्ड, मदरबोर्ड, रॅम, डिस्क व एसएमपीएस ह्या प्रत्येकाचा पूर्ण क्रमांक दुकानदाराच्या हाताने लिहून घ्या. बिलाची शाई वर्षभरात उडते. तेव्हा त्याच दिवशी त्याची एक झेरॉक्स काढून शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवावी.