'तो जरा विचित्रच आहे'

मागच्या सेमिस्टरला आमच्या लेखन-वर्गात एका मुलानं कथा वाचली. कथेतला विद्यार्थी शेवटी स्वतःचा वर्ग पेटवून देतो. वाचून झालं तेव्हा कुणीच काही बोललं नाही. बाहेर आल्यावर मात्र सगळ्यांना कंठ फुटला. रात्रीपर्यंत ग्रुपवर त्याचं नाव 'सायको' पडलंसुद्धा. मीही एक हसणारी इमोजी टाकली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी शहाणपणा शिकवतेय असं कुणाला वाटायला नको.

त्या कथेमुळेच मी व्हर्जिनिया टेकबद्दल वाचायला लागले. अमेरिकेतल्या या विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी एका विद्यार्थ्यानं ३२ जणांना गोळ्या घातल्या आणि मग स्वतःला संपवलं. मेलेल्यांत मूळचे तमिळनाडूचे प्रा. लोगनाथन होते, मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती. मारणारा, चो सुंग-हुई, इंग्रजीचा विद्यार्थी होता. आपल्यासारखाच कविता-नाटकाच्या तासाला बसणारा.

कुणाला काही दिसलं नव्हतं का? उलट, सगळ्यांनाच दिसलं होतं. २००५ मध्ये कवयित्री निक्की जिओव्हानी यांच्या वर्गात तो गॉगल लावून गप्प बसायचा, बाकाखालून मुलींचे फोटो काढायचा. मुलं तासाला यायची बंद झाली. तो वर्गात राहणार असेल तर आपण राजीनामा देऊ, इथपर्यंत बाई आल्या. विभागप्रमुख लुसिंडा रॉय यांनी त्याला वर्गातून काढलं, पण वाऱ्यावर सोडलं नाही. स्वतः त्याला एकट्याला शिकवलं. पोलिसांना, समुपदेशन केंद्राला कळवलं. उघड धमकी नव्हती, म्हणून फारसं काही हललं नाही. त्याच डिसेंबरात सोबत राहणाऱ्या मुलाला त्यानं जीव देण्याचं बोलून दाखवलं. त्याला उपचार घेण्याचा आदेश झाला. केंद्रात तो एकदा गेला, पुढे कुणी विचारलं नाही. शाळेत असताना त्याच्यावर उपचार होऊन गुणही आला होता. ते विद्यापीठाला माहीत नव्हतं. आणि डिसेंबरात काय झालं ते त्याच्या आईवडिलांना माहीत नव्हतं. राज्यपालांनी नेमलेल्या समितीनं पुढे हेच नोंदवलं: थोडी थोडी माहिती अनेकांकडे होती, पण गोपनीयतेच्या कायद्याचा चुकीचा अर्थ लावून ती एकमेकांना सांगितली गेली नाही.

यावरून लोक सरळ म्हणतात, मनोरुग्ण धोकादायक, त्यांना लांब ठेवा. मला हे साफ चुकीचं वाटतं. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कधीच कुणाला मारत नाहीत. मार खाण्याचीच पाळी त्यांच्यावर जास्त येते. माझी मावशी बारा वर्षं औषधांवर आहे आणि आमच्या चर्चमधल्या प्रत्येक लग्नाचा केक तीच करते. तिला कुणी सायको म्हटलं तर मी भांडेन. मग त्या मुलाच्या वेळी मी का हसले?

काळंकुट्ट लिहिणं हा पुरावाही नव्हे. नाहीतर आपल्या मंडळातले अर्धे कवी समुपदेशकाच्या दारात उभे करावे लागतील (रांगेत पहिली मी). बघायचं ते लिहिणाऱ्याकडे. जेवायला येईनासा झालाय का? झोपतो का? कुणाचा पाठलाग करतोय का? मरण्या-मारण्याचं बोलतोय का? तसं असेल तर शिक्षकांना, घरच्यांना सांगणं ही चहाडी नाही. खरोखर भीती वाटत असेल तर एकट्यानं समजूत घालायला जाऊच नये. आधी जिओव्हानी बाईंसारखं वर्गाला जपावं. कुणाला सांगावं सुचत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास.

गोळीबारानंतर तिथल्या मैदानावर मुलांनी दगड मांडले होते, ३३. एक चोसाठी. तो कुणीतरी काढला, पुन्हा कुणीतरी ठेवला. कायमच्या स्मारकात ३२च आहेत. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी तो दगड रोज बघावा असं म्हणण्याचा मला हक्क नाही. पण ठेवणाऱ्याचा हात मला कळतो.

तीन-चार दिवसांनी मी कँटीनमध्ये त्या मुलाशेजारी जाऊन बसले. मैत्रीण आधीच म्हणाली होती, "सोड की गं, कशाला नादाला लागतीस?" मी त्याला विचारलं, कथेतल्या मुलाचं पुढे काय होतं? तो बराच वेळ चहाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तेच सुचत नाही. झोपच नाही ना दोन आठवडे." मी आमच्या मॅडमना सांगितलं, त्याला तसं सांगूनच. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. आता बोलतो. दर गुरुवारी समुपदेशकांकडे जातो, कधी कंटाळा करतो तेव्हा मी दारापर्यंत सोबत जाते.

ग्रुपवरची ती इमोजी अजून तिथंच आहे. डिलीट करायची मुदत केव्हाच टळली.