नेमकं अडलंय कुठे?

अ‍ॅडमिशनचे राऊंड संपले की आमच्या पुण्यात एक सीन हमखास दिसतो. एका हातात बादली, दुसऱ्या हातात गुंडाळलेली गादी आणि मागे 'नीट राहा हं' म्हणणारे आई-बाबा! फर्स्ट इयरची नवी बॅच दाखल. पहिला महिना मस्त जातो. नवे मित्र, फ्रेशर्स पार्टी, सिंहगडावरची कांदाभजी... मग पहिली टेस्ट होते आणि खरा पिक्चर सुरू होतो.

माझा मावसभाऊ दोन वर्षांपूर्वी असाच अंबाजोगाईहून इंजिनिअरिंगला आला. बारावीपर्यंत गल्लीतली पोरं याच्याकडे गणितं विचारायला यायची. गोची नेमकी इथेच असते, बरं का! ज्याला कायम सगळे विचारत आले, त्याला स्वतः विचारायची सवयच नसते. वर्गात सगळं फाडफाड इंग्लिशमध्ये. पहिल्याच सेमिस्टरला दोन विषय राहिले. घरी फोनवर मात्र 'सगळं ओके'. फीसाठी वडिलांनी कर्ज काढलेलं, मग सांगणार कोणत्या तोंडाने? हळूहळू लेक्चर्स बुडायला लागली. एका रविवारी अमृततुल्यमध्ये समोरचा चहा गार होईपर्यंत गप्प बसला आणि म्हणाला, "ताई, परत जावं म्हणतोय."

यात त्याचा एकट्याचा दोष नाही. आपली भाषाच बघा ना! मदत मागणं म्हणजे हात पसरणं, तोंड वेंगाडणं, मिंधं होणं... हे ऐकत वाढलेलं पोरगं स्टाफरूमचं दार कशाला ठोठावेल?

गंमत म्हणजे याच पुण्यात एके काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ती दारं सगळ्या जातींच्या मुलांना उघडी नव्हती, हेही तितकंच खरं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहू-जेवू लागली. थोडक्यात काय, कोणाच्या तरी आधाराने शिकणं ही आपल्याकडची नवी गोष्ट नाही. त्यात कमीपणा कुठून आला?

तर त्या रविवारी मी विचारलं, "नेमकं काय येत नाही?"

"काहीच नाही."

आता याला कोणते सर उत्तर देणार? मग वही काढली आणि एकेक टॉपिक घेतला. अर्ध्या तासात कळलं की मॅट्रिक्स येतात, आयगेन व्हॅल्यूही निघते, गाडी अडते ती आयगेन व्हेक्टरला. झालं! 'काहीच येत नाही'चा एक सरळ प्रश्न तयार झाला. आणि असा प्रश्न कोणालाही विचारता येतो.

कोणाला, हेही ठरवून टाकलं. आधी रूम पार्टनर, मग सीनियर, नाहीतर जीएफएम. पुण्यातल्या बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांत ठरावीक मुलांमागे एक शिक्षक नेमलेला असतो, तोच हा गार्डियन फॅकल्टी मेंबर. पोरांना त्याचं नाव माहीत असतं ते फक्त फॉर्मवर सही हवी म्हणून! सोमवारी हा गेला आणि सरळ मराठीत विचारलं. सरांनी खुर्ची पुढे केली आणि दहा मिनिटांत समजावलं. तेही मराठीतच. मॅथ्स सुटलं. मेकॅनिक्सला अजून एक अटेम्प्ट लागला. पण बॅग कॉटखालीच राहिली.

हे झालं अभ्यासाचं. झोप उडाली, जेवण जाईना, जगणंच नकोसं वाटायला लागलं, तर मात्र नोट्स पुरत नाहीत. त्यासाठी 'टेली-मानस' ही सरकारी हेल्पलाइन आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही. आणि शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत समुपदेशक हवाच, असं सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय. तेव्हा कॉलेजात 'काउन्सेलर कुठे बसतात?' असं विचारणं हा कोणावर उपकार नाही.

आता तुमच्याबद्दल. कॉलेज संपलं म्हणून तुम्ही सुटलात असं वाटतंय? टीममध्ये नवीन आलेला तो ट्रेनी आठवा, जो प्रत्येक मीटिंगमध्ये मान डोलावतो आणि रात्री नऊपर्यंत स्क्रीनकडे बघत बसतो. त्याला 'काही अडचण?' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'नाही, नाही' असंच येतं, आपणही तेच देतो. खुर्ची ओढा, शेजारी बसा आणि विचारा, "नेमकं अडलंय कुठे?"