दुखत नाही, म्हणून गाठ अंगावर काढू नका

लहान मुलाच्या अंगावर गाठ दिसली की घरात दोनच सूर निघतात: 'कॅन्सर तर नाही ना?' किंवा 'दुखत नाही ना, मग राहू दे.' पहिल्यात विनाकारण धास्ती, दुसऱ्यात वेळ वाया.

लायपोब्लास्टोमा ही अशीच एक दुर्मिळ गाठ. अपक्व चरबीच्या पेशींची ही गाठ बहुधा 3 वर्षांच्या आतील मुलांत आढळते. ती मऊ असते, दुखत नाही, पण भराभर वाढू शकते. ती कॅन्सर नव्हे, शरीरात इतरत्र पसरत नाही. मात्र वाढली तर आजूबाजूच्या अवयवांवर दाब आणते. सोनोग्राफी व एमआरआयने तिचा विस्तार कळतो, पक्के निदान मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होते. म्हणून काढलेली गाठ पॅथॉलॉजी तपासणीला गेलीच पाहिजे. गाठ पूर्ण काढणे हाच उपचार. अंश उरला तर ती पुन्हा वाढू शकते, त्यामुळे पुढे काही वर्षे फेरतपासणी हवी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा तपासतात. पैठण, कन्नड, सिल्लोडच्या खेड्यांतील अशी गाठ तिथेच नोंदली जावी आणि मूल वेळेत घाटी रुग्णालयात पाठवले जावे. लेप आणि डागण्यांत गेलेले महिने शस्त्रक्रिया अवघड करतात.