एक छिद्रान्वेषी लेख

सुतारकामाच्या यंत्रांच्या दुनियेत एक अजब न्याय चालतो. टेबल सॉमधून जाडाभरडा भुसा निघतो. तो जमिनीवर पडतो, दिसतो, झाडला की जातो, फार झाले तर चपलेत शिरतो. त्याच्यासाठी यंत्राच्या बुडाशी 100 मिलिमीटरचे ऐसपैस तोंड. आणि बाकावर ठेवायचा बेल्ट-डिस्क सँडर? त्यातून निघते ते पीठ. तासन्‌तास हवेत तरंगणारे, डोळ्यांना न दिसणारे, नाकातले केस चुकवून थेट फुप्फुसाच्या तळाशी बिऱ्हाड थाटणारे. त्याच्यासाठी भोक किती? 38 मिलिमीटर. दीड इंच. कंपनी दानशूर कर्णाच्या कुळातली असेल तर अडीच. भुसा जितका गरीब तितके तोंड मोठे, जितका घातक तितके लहान. हा नियम कोणी ठरवला? कोणीही नाही. ठरवायचे तर आधी विचार करावा लागतो.

खोक्यावर मात्र ठसठशीत अक्षरांत छापलेले असते: डस्ट पोर्टसह. हे वाचून आपला छंदी सुतार विरघळतो. छंदी सुतार म्हणजे कोण, ते तुम्ही ओळखलेच. सोसायटीच्या पार्किंगचा कोपरा नाही तर घराची मागची बाल्कनी बळकावून, शनिवारी सकाळी सागवानाच्या फळीला 80 नंबरचा पेपर मारणारा सद्‌गृहस्थ. बायकोला तो सांगतो, ‘अगं, धूळ होणारच नाही, पोर्ट आहे ना!’ पोर्ट आहे, हे खरेच आहे. मुंबईलाही पोर्ट आहे. म्हणून आपले सामान आपोआप जहाजात चढत नाही.

आता त्या पोर्टला काहीतरी जोडायचे. इथून खरा तमाशा सुरू होतो. सँडरचे तोंड अडीच इंच, व्हॅक्यूमचा पाइपही अडीच इंच; मग एकात दुसरा बसायला हवा ना? छे. एकाने अडीच इंच बाहेरून मोजलेले असतात, दुसऱ्याने आतून, आणि तिसऱ्याने बहुधा मनातल्या मनात. चंद्रावर माणूस उतरवून अर्धशतक उलटले, पण दोन कंपन्यांचे अडीच इंच अजून एकमेकांत उतरलेले नाहीत. मग अ‍ॅडॉप्टर घ्या. तो एका बाजूला घट्ट नि दुसऱ्या बाजूला ढिला. त्याला चिकटपट्टी. चिकटपट्टीला धूळ चिकटते, एवढेच काय ते डस्ट कलेक्शन.

शेवटी माणूस नळाच्या दुकानात जातो.

‘काका, त्रेसष्टचा पीव्हीसी द्या, आणि एक रिड्यूसर.’

‘पाण्याला का ड्रेनेजला?’

‘सँडरला.’

काका चष्म्यावरून बघतात. ‘आतून जाणार काय?’

‘धूळ.’

‘मग रिड्यूसर कशाला घेता? स्कूटरची जुनी ट्यूब कापा, दोन्ही टोकांना क्लिपा मारा.’

आणि काकांचे म्हणणे शंभर नंबरी असते. आपल्याकडचा 63 मिलिमीटरचा पाइप बाहेरून अडीच इंचांच्या जवळपास येतो, आणि ट्यूबचा तुकडा कोणाच्याही अडीच इंचांवर चढतो. आतून मोजले की बाहेरून, हे ती विचारत नाही. इतकी सर्वसमावेशक भूमिका एकाही आंतरराष्ट्रीय मानक समितीला जमलेली नाही.

दुसरा एक पंथ आहे, मोठ्या यंत्राचा. त्याचे तत्त्वज्ञान सोपे आहे: दोन-तीन अश्वशक्तीचा डस्ट कलेक्टर आणला की सगळे पाप धुतले जाते. त्याचा 100 मिलिमीटरचा पाइप हे लोक निमुळता करत करत 38 वर आणतात आणि तृप्त मुद्रेने बटण दाबतात. जरा शाळेतले गणित करू या. 100 मिलिमीटरच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे 78 चौरस सेंटिमीटर, 38 च्या भोकाचे सुमारे 11. म्हणजे सातवा हिस्सा. डस्ट कलेक्टर हे भरपूर हवा हलवणारे, पण ओढीला कमकुवत यंत्र. त्याचा गळा असा आवळला की पंखा गरगरतो, मोटार घुमते, वीजबिल चढते आणि हवा जागची हलत नाही. पाइपातून भुसा वाहून न्यायला हवेला सेकंदाला 20 मीटरच्या आसपास वेग लागतो. तो नसेल तर भुसा पाइपातच आडवा होऊन झोपतो. व्हॅक्यूम क्लीनरचे बरोबर उलटे: हवा थोडी, ओढ जबरी. तेव्हा त्या दीड इंची भोकाला व्हॅक्यूमच लावावा; मध्ये एक सायक्लोनची बादली ठेवावी, म्हणजे फिल्टर दर दहा मिनिटांनी तुंबत नाही. पण आवाज किती कमी आणि मोटार किती मोठी, यावर तासभर वाद घालण्यात जो पुरुषार्थ आहे तो यात कुठे?

आणि एवढे सगळे करून धूळ जाते का? नाही. कारण भोक नुसते लहान नसते, ते चुकीच्या जागी असते.

एक मेणबत्ती लावा. हातभर लांबून फुंकर मारा, विझली. आता तितक्याच लांबून श्वास आत ओढून ती विझवून दाखवा. दाखवलीत तर मी हा लेख मागे घेतो. फुंकलेली हवा सरळ रेषेत लांब जाते. ओढलेली हवा चहूबाजूंनी गोळा होते, म्हणून भोकापासून त्याच्या एका व्यासाइतके दूर गेलात की तिचा वेग एक दशांशाच्या आसपास उरतो. 38 मिलिमीटरच्या भोकाचे राज्य म्हणजे दोन बोटांपुरते. आणि ते भोक असते कुठे? चकतीच्या पाठीमागे, खाली, वीतभर अंतरावर, जिथे साच्यातून काढायला सोपे पडले तिथे. सहा इंची चकती आपल्या विजेवर मिनिटाला 2,850 च्या आसपास फेऱ्या मारते. तिच्या कडेचा वेग निघतो ताशी 80 किलोमीटर. ती लाकूड घासता घासता पंख्याचेही काम करते आणि धूळ स्वतःच्या मर्जीने भिरकावते. ताशी 80 ने सुटलेल्या धुळीने वाटेत थांबून, वळून, त्या बिळाची चौकशी करत आत जावे, अशी निर्मात्यांची भाबडी अपेक्षा आहे. श्रद्धा म्हणतात ती हीच.

गंमत म्हणजे यात नवे काहीच नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाचे 14 वे कलम उघडून बघा. धूळ ओढणारे साधन धूळ जिथे उठते त्याच्या शक्य तितके जवळ बसवावे, आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त करावी, असा त्यात स्पष्ट हुकूम होता. स्वातंत्र्याला वर्ष होते न होते तोच दिल्लीच्या कारकुनांना हे उमगले होते. पण घर म्हणजे कारखाना नव्हे! तिथे माणसाला स्वतःची फुप्फुसे स्वतःच्या खर्चाने भरून घेण्याची पूर्ण मोकळीक आहे.

‘एवढं काय घाबरायचं? लाकूड तर नैसर्गिक असतं!’ हे वाक्य तुम्हाला ऐकावे लागणारच. धोतऱ्याचे बीही नैसर्गिक असते. पाव किलो भाजून खा. इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. 1960 च्या दशकात तिथल्या नाक-कान-घशाच्या शल्यचिकित्सक एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले, की नाकाच्या पोकळीचा एक अगदी दुर्मीळ कर्करोग आपल्याकडे फर्निचर कामगारांना वारंवार होतो आहे. 1968 मध्ये डोनाल्ड अ‍ॅचेसन आणि इतरांबरोबर त्यांनी तो अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात टाकली. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस ज्या पंगतीला बसतात, तीच पंगत. आता हा गट पुराव्याच्या पक्केपणाचा आहे, धोक्याच्या आकाराचा नव्हे. शनिवारचा सुतार आणि आठवडाभर राबणारा कामगार यांची बरोबरी कोणी शहाणा करणार नाही. पण आपला शनिवारचा सुतार सागवानावर कुठे थांबतो? तो एमडीएफ घासतो, ज्यात बहुधा फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. फॉर्मल्डिहाइडही त्याच पंगतीत, शेजारच्या पाटावर.

सरकारांचीही मौज बघा. युरोपीय संघाने 2023 पासून कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा घनमीटरला 2 मिलिग्रॅमवर आणली. अमेरिकेचे कामगार सुरक्षा खाते तीच धूळ नुसत्या उपद्रवी कचऱ्यात मोजते आणि 15 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेते. अटलांटिक ओलांडली की ओक वृक्षाचा स्वभाव बदलतो, असे दिसते.

मग येतात आजोबा. ‘आमचे आजोबा जन्मभर सुतारकाम करत होते, नव्वदीपर्यंत ठणठणीत!’ असतील. नमस्कार सांगा. पण आजोबा काम करत उघड्या पडवीत, हातात रंधा घेऊन. रंध्यातून निघतात कुरळ्या साली. त्या कोणाच्या फुप्फुसात गेल्याचे ऐकिवात नाही, बंबात मात्र जात. आजोबांनी बंद बाल्कनीत, ताशी 80 किलोमीटरच्या चकतीवर एमडीएफ घासले होते का? नाही ना? मग त्यांना साक्षीला कशाला बोलावता? बसू द्या त्यांना झोपाळ्यावर.

माझ्या विशेष लोभातले आणखी एक मंडळ आहे: तांब्याची तार गुंडाळणारे. प्लॅस्टिकच्या पाइपात स्थिर वीज साठते, ठिणगी पडते, धुळीचा स्फोट होतो, म्हणून हे लोक साऱ्या पाइपाला तारेचे वेटोळे घालून ती भुईत गाडतात. स्थिर विजेचा चटका बसतो, हे खरे. पण प्लॅस्टिक मुळातच विजेचे दुर्वाहक. बाहेरून तार गुंडाळून सगळ्या पाइपावरचा भार ओघळून जाईल, हे कोणत्या शाळेत शिकवतात? आणि लाकडी धुळीच्या स्फोटाला घनमीटरला 40 ग्रॅमच्या आसपास धूळ हवेत हवी. युरोपच्या मर्यादेच्या वीस हजार पट. इतकी धूळ हवेत असेल तर स्वतःचा हात दिसणार नाही, तार कुठली दिसायला. मोठ्या कारखान्यांत असे स्फोट झाले आहेत, माणसेही गेली आहेत. तिथला प्रश्न वेगळा. इथे मात्र नाट्यमय मरणाची जय्यत तयारी, आणि तार गुंडाळताना तोंडावर मास्क नाही.

मास्क असतो, म्हणजे, पण त्याचेही वेळापत्रक आहे. सँडर चालू, मास्क वर. सँडर बंद, मास्क खाली. धूळ जणू बटणाची आज्ञा पाळते! मोठे कण बसतात. बारीक कण तिथेच घिरट्या घालत असतात. त्या हवेत आमचा वीर मास्क काढून, एक दीर्घ, समाधानी श्वास घेऊन, झाडू हातात घेतो. जे थोडे खाली बसले होते तेही पुन्हा उठते. वर स्वस्त डस्ट कलेक्टरची कापडी पिशवी. ती 30 मायक्रॉनची, असे दुकानदार अभिमानाने सांगतो. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा, आणि फुप्फुसात खोल उतरणारे कण 10 च्या आतले. म्हणजे जे झाडूने गोळा झाले असते ते पिशवीत राहते, आणि जे अडवायचे ते कापडातून गाळून, छान चाळून, खोलीभर परत मिळते.

तर करायचे काय? कंपनीचे भोक विसरा. चकतीचा जो अर्धा भाग खाली जातो, लाकूड जिथे टेकवतो तो, त्याच्या खाली टेबलाला लागून प्लायचे एक खोके करा. चकतीची कड खोक्यात अगदी जवळून शिरली पाहिजे, आणि धूळ जिकडे भिरकावली जाते त्या भिंतीत मोठे तोंड. डस्ट कलेक्टर असेल तर गळा न आवळता त्याला वाय जोडा: एक फाटा खोक्याला, दुसरा बेल्टच्या टोकाशी, धूळ जिथून उडते तिथे, उघडे तोंड ठेवून. फिल्टर बारीक कणांचा घ्या, नाही तर यंत्रच भिंतीबाहेर ठेवा. शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नको, एवढी माणुसकी ठेवा. मास्क शेवटी काढा आणि झाडूऐवजी ओला फडका घ्या.

हे काही रॉकेटशास्त्र नाही, आणि कंपन्यांना ते येत नाही असेही नाही. वरखाली झुलणारा स्पिंडल सँडर बघा: दांडा टेबलातल्या भोकातून वर येतो, त्याच भोकातून हवा खाली ओढली जाते, आणि धूळ जन्मल्या जागीच बरीचशी पकडली जाते. अनेकदा हे दोन्ही सँडर बनवणारी कंपनी एकच असते. म्हणजे अक्कल गोदामात आहे. बेल्ट-डिस्कच्या खोक्यात भरायची तेवढी राहून गेली.

आणि हो, सगळे नीट जोडून झाले की त्याच सँडरवर पटाशीला धार लावायचा मोह होतो. त्यातून ठिणग्या उडतात; ठिणगीला लाकडात विसरलेला खिळाही पुरतो. तेव्हा आधी पाइप काढा. भुशाच्या बाबतीत हा पोर्ट कितीही आळशी असला तरी ठिणगी मात्र तो न सांडता, न विझवता, थेट पिशवीत नेऊन ठेवतो.